बाईंना लागणारा खडा

भाषेवरून आमच्या राज्याची वाटणी झाली त्या वर्षी माझं डोकं फार लवकर तापायचं. अर्धे नातेवाईक औरंगाबादेला निघालेले आणि मी सिकंदराबादेत लोकांच्या पियानोचे सूर लावत बसलेलो. गिऱ्हाइकांना सुरातलं काही कळत नाही, असं माझं ठाम मत होतं. कुणी म्हणे पियानोला पडसं झालंय. तारनाक्याचे एक साहेब तर नुसतं, "क्या की मियाँ, आवाज कैसा की हो गया," एवढंच सांगायचे. घ्या, आता शोधा!

एका शाळेतल्या संगीताच्या बाई मात्र आमच्याच जालन्याकडच्या, ख्रिस्ती, साठीला टेकलेल्या. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, भातात खडा लागावा तसं होतंय." मिस्त्री म्हटलं की मला राग यायचा. मी सगळे सूर तपासले, एकही उतरलेला नव्हता. "सूर चोख आहेत, बाई," म्हणून निघून आलो. आठवड्याने पुन्हा बोलावणं, पुन्हा खडा, पुन्हा माझं तेच उत्तर.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "शाळेच्या कारभारात नवी मंडळी आलीत. कुणाला ठेवायचं, कुणाला घरी बसवायचं, याची यादी होतेय. तुम्ही दोनदा चोख म्हणालात ना, आता मोठ्या बाई म्हणतात, माझे कान गेले."

मी स्वतःलाच म्हटलं, अरे गाढवा, तू तारा तपासत बसलास आणि इकडे निकाल लागत होता बाईंच्या कानांचा!

माझी एक सवय होती. गेल्या गेल्या पियानोवरचं सगळं सामान उचलून बाजूला ठेवायचं, काम झालं की होतं तसं मांडायचं. या नीटनेटकेपणाचा मला केवढा ताठा! त्या दिवशी कशालाच हात लावला नाही. म्हटलं, "बाई, तुम्हीच वाजवा. मुलींच्या प्रार्थनेला वाजवता तसं, जोरात."

दुसऱ्याच ओळीला कर्रर्र! पियानोवर शाळेच्या संस्थापकांची तसबीर उभी होती, तिची काच चौकटीत सैल झालेली. एक ठरावीक पट्टी जोरात दाबली की ती थरथरायची. दोन्ही वेळा तसबीर मीच उचलून ठेवली होती, मग मला ऐकू येणार कुठून? बोटाने काच दाबली, आवाज बंद. बोट काढलं, पुन्हा सुरू.

"म्हणजे माझे कान..." बाई काचेकडे बघत म्हणाल्या.

"माझ्यापेक्षा तिखट आहेत, बाई. चुकलो मी. मोठ्या बाईंना आत्ता जाऊन सांगतो."

"तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. पदराने डोळे पुसले आणि पहिल्यापासून अख्खी प्रार्थना वाजवायला घेतली, त्या काचेसकट. मी मुलींच्या बाकावर बसून ऐकत राहिलो. तेवढ्यात मोठ्या बाई कपाळाला आठ्या घालून दारात आल्या.

"अहो, हे मधेच कसलं करकरतंय?"

बाईंचे हात तिथेच थांबले. "आलं ना ऐकू?" त्या म्हणाल्या.