चौदा अर्ज

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती जाईपर्यंत नाही. आज तुम्हाला सांगून राहिलो.

आमच्या भागाचं तेव्हा मोठं विचित्र झालं होतं. छप्पन साली राज्यांची नव्यानं वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिलं. सरकारी नोकरांनी लिहून द्यायचं होतं — कोणत्या राज्यात नोकरी करणार? सौंसरला आमच्या कचेरीत आस्थापनेचं टेबल माझ्याकडे. म्हणजे बदल्या, बढत्या, रजा, सेवापुस्तकं — साऱ्यांचं नशीब माझ्या कपाटात म्हणा ना!

वामनराव माझ्याहून दोन वर्षांनी वरचे. सेवापुस्तकात नोंद कशी करायची, हे त्यांनीच मला हात धरून शिकवलं. पांढुर्ण्याजवळ सावरगावला त्यांची संत्र्याची बाग आणि आंधळी माय. ती गाव सोडायला तयार नाही. अर्ज देताना ते म्हणाले, "मी इथंच राहतो बापा. मायले सोडून कुठी जाऊ?"

अर्ज ज्येष्ठतेनं लावायचे. त्यांचा सगळ्यात वर. तो शेवटी वर ठेवू म्हणून मी बाजूला काढला, टीपकागदाखाली सरकवला. मग बाकीचे लावले, दोरा ओवला, पाकिटाला लाख लावली. विसरलो? कितीतरी वर्षं मी स्वतःला असंच सांगत आलो. पण मग — सोबतच्या पत्रात मी 'चौदा अर्ज' काहून लिहिलं? आले तर पंधरा होते. विसरलेल्या माणसानं पंधराच लिहिले असते ना?

ते गेले की हेडक्लार्कची जागा मला मिळणार, हे ठाऊक होतं. पण त्या क्षणी तेच मनात होतं का? खरंच आठवत नाही. त्या माणसावर माझा जीव होता, हेही खरं. दोन्ही खरं कसं असेल?

ज्यांचा अर्ज नाही, त्यांना सरकार वाटेल तिकडे देणार होतं. वामनरावांचं नाव मुंबई राज्यात, बुलढाण्याला निघालं. ते धावतच माझ्या टेबलाशी आले. "माहा अर्ज गेला होता ना रे?"

"गेला होता, वामनराव," मी म्हणालो.

त्यावर कडी म्हणजे, त्यांचे विनंतीअर्जही मीच लिहून दिले — तीनदा, चांगल्या भाषेत. 'मुदतीत अर्ज सादर केला होता' असं मीच लिहायचो, अन् तो अर्ज माझ्याच खणात! 'नोंद आढळत नाही' असं उत्तर यायचं.

माय वारली तेव्हा ते मलकापूरला गाडीची वाट पाहत होते. पोचले ते राख सावडायला.

पुढच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धी कचेरी पांढुर्ण्याला गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरच्या गावांची दगडफेक, पाहायला गेली. मी घरी आलो अन् तो कागद बंबात घातला.

हेडक्लार्क झालो, पुढे अधीक्षक. निवृत्तीच्या दिवशी लोक म्हणाले, यांच्या हातून कधी कुणाचा कागद हरवला नाही. मी हार घालून घेतला.

वामनराव पेन्शनीत सावरगावला परतले. मला मुद्दाम जेवायला बोलावलं. सुनेला हाक मारली, "पोरी, यायच्या पाया पड. माह्यासाठी लय खटपट केली या माणसानं."

ती वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, अन् पाटावर बसून पोटभर जेवलो.