गेममधली बाई दारात थांबते

ये गं, अशी जवळ सरक आणि नीट ऐक. फोनवर 'ठेवते गं आई' म्हणतेस आणि मी 'हं' म्हणायच्या आत ठेवूनही देतेस. ही काय रीत झाली? म्हणून हे लिहून काढतेय. लिहिलेलं तरी मध्येच तोडता येणार नाही तुला.

तर तुझी भाची, आमची कॉलेजवाली, कंप्यूटरच्या गेममध्ये फिल्मा बनवते. मला आधी वाटायचं, खेळतेय. पण तसं नाही. त्या गेममध्ये घरं बांधता येतात, माणसं उभी करता येतात, त्यांना चालवता-बसवता येतं. ती ते सगळं पडद्यावरूनच टिपून घेते, मागून आवाज जोडते, की झाली फिल्म.

तुझ्या भावाला हे पटेना. परीक्षेचं वर्ष आहे ना तिचं. एक दिवस तो म्हणाला, "एक फिल्म अशी दाखव की मी शेवटपर्यंत बसून बघेन. तर कंप्यूटर राहील. नाहीतर परीक्षेपर्यंत खोक्यात." आणि खोकं खरंच पलंगाखाली आणून ठेवलं. तुला माहीतच आहे तो. टॉकीजमध्येसुद्धा इंटरव्हलच्या आधी स्कूटर जागेवर आहे का बघायला बाहेर जायचा.

पोरगी माझ्याकडे आली. गोष्ट तिनं साधी घेतली होती: लेक माहेराहून सासरी निघते. आई म्हणते 'जा', लेक वळते, चालू लागते, दार बंद.

मी म्हटलं, "ही काय बँकेतून बाहेर पडतेय का?"

"मग कसं करू? तूच सांग ना."

मी सांगितलं. फार सांगितलं. आईच्या तोंडी इतकं बोलणं घातलं, की विचारू नकोस. आवाजही माझाच. आता आपल्या गल्लीत दिवसभर पॉवरलूमची खटखट, घरात कूलर. मग आम्ही लाइट जायची वाट बघायचो. लाइट गेली की माग बंद, कूलर बंद, आणि ही आतून ओरडायची, "आजी, आवाज!" मी हातातली भाजी टाकून फोनपुढे बसायची. तुझी वहिनी म्हणायची, "अख्ख्या बुऱ्हाणपुरात लाइट गेल्यावर खूश होणाऱ्या तुम्ही दोघीच."

सगळं जोडून बघितलं, तर दोन बाहुल्या समोरासमोर उभ्या, तोंडं मिटलेली, आणि बोलणं चाललंय. गेममधल्या माणसांचे ओठ हलतच नाहीत.

"आजी, भूत लग रही हैं दोनों," पोरगी म्हणाली, आणि माझं बोलणं सपासप कापलं. मी जरा फुगले, पण बघताना मलाच कंटाळा आला होता, ते कसं नाकारू?

मग मी तिला तू कशी निघायचीस ते सांगितलं. पिशवी घेऊन दारापर्यंत यायचीस. तिथं पिशवी खाली ठेवायचीस, आणि लोणच्याची बरणी कुठल्या कापडात बांधली म्हणून विचारायचीस. पुन्हा पिशवी उचलायचीस. पायरीवरून परत यायचीस, पाण्याची बाटली राहिली म्हणून. बाटली पिशवीतच असायची.

"आत्या सच्ची असं करते?"

"करायची."

तिनं तसं करायला घेतलं. पण गेममध्ये पाया पडायची सोय नाही. वाकून वस्तू उचलायची तेवढी आहे. तिनं तीच वापरली. लेक आईच्या पायाशी वाकली आणि आईची चप्पल हातात घेऊनच उठली! आम्ही इतक्या हसलो की वहिनी स्वयंपाकघरातून बघायला आली. मग गेममधल्या आईला अनवाणीच ठेवली. आपल्याकडच्यासारखी केळीची झाडं गेममध्ये नव्हती, म्हणून रुंद पानांचं कसलंसं झाड मागे लावलं. मला ते केळीसारखं वाटत नाही, पण चालवून घेतलं. बोलणं एकच उरलं. शेवटी मी म्हणते, "हळू जा."

रविवार होता, पण तुझ्या भावाची नेपानगरला दुपारची पाळी होती. जेवून खुर्चीत बसला. पोरीनं फिल्म लावली आणि पडद्याकडे न बघता बापाकडे बघत बसली. लेकीनं पहिल्यांदा पिशवी उचलली, तोवर तो ठीक होता. पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि हा उठला. घड्याळ बघितलं, डबा घेतला, दाराकडे गेला. पोरीची नजर सरळ पलंगाखाली गेली.

त्यानं दारात एक चप्पल घातली. पडद्यावरची लेक तेवढ्यात पायरीवरून परत आली. दुसरी चप्पल त्यानं घातलीच नाही. तसाच डबा धरून, एक पाय चपलेत, एक उघडा, चौकटीला टेकून उभा राहिला. लेक गेली, आईनं दार लोटलं, कडी लागली, माझं "हळू जा" आलं आणि संपलं.

"आई आत आहे ना?" तो म्हणाला.

"हो पप्पा."

"मग कडी बाहेरून कशी? उलटं बसवलंय दार. नीट कर आणि परत दाखव मला."

"म्हणजे... कंप्यूटर?"

"कंप्यूटरशिवाय दार कसं बदलशील?"

दुसरी चप्पल घातली आणि गेला. बसून बघायचं ठरलं होतं, तो विषय कुणी काढला नाही. खोक्यात तुझ्या वहिनीनं कांदे भरून ठेवलेत.

दार आता सरळ झालंय. त्यानं परत बघितली, या वेळी बसून. पण पोरगी म्हणते, गेममधली बाई पायरीवरून वळते ते अजून जमत नाही, आधी मान वळते की आधी पाय, ते आत्याला बघूनच कळेल. मला विचारलं, तर मलाही आठवेना. हल्ली तू गाडीत बसूनच हात हलवतेस.

म्हणून सांगते, ये. गाडी घेऊन ये, हवं तर. पण गाडी कोपऱ्यावर लाव आणि दारातून चालत नीघ. निघायला आधी यावं लागतं, तेव्हा लवकरच ये.