काकांच्या फोटोतल्या जागा

परीक्षा संपली आणि हातात सहा दिवस उरले. जर्मनीतलं माझं सेमिस्टर आटोपलं होतं. वर्गातल्या पोरी म्हणाल्या, तळ्यावर चल, पोहू, लोळू. मी नाही म्हणाले. मला सूड उगवायचा होता, आणि त्यासाठी मी रेल्वेचा पास काढून ठेवला होता.

सूड काकांवर. भोसरीत त्यांचं वर्कशॉप आहे आणि माझे वडील, म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, तिथे मशीन चालवतात. मी शाळेत असताना जर्मनीहून नवं मशीन घ्यायचं ठरलं. विकणाऱ्यांनी मालक आणि मशीन चालवणारा, अशा दोघांना आठवडाभर तिकडे शिकायला बोलावलं. वडिलांनी पासपोर्ट काढला, आईने स्वेटर आणला. व्हिसाचे कागद भरायच्या दिवशी काका म्हणाले, "तुला इंग्रजी कुठं येतंय? तिथं नुसती मान डोलवत बसशील." आणि मेव्हण्याला घेऊन गेले. मेव्हण्याचं कपड्यांचं दुकान होतं.

दोघे आले ते फोटो घेऊन. त्यातले तीन काकांनी मोठे करून ऑफिसच्या भिंतीवर लावले. एक चर्चसमोर, एक नदीच्या पुलावर, आणि एक किल्ल्याच्या कठड्यावर पाय ठेवून, हात कमरेवर, जणू किल्ला यांनीच सर केला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मशीनची पूजा आणि जेवणं झाली की पाहुण्यांना त्या भिंतीपुढे उभं करून काका अख्खी ट्रिप ऐकवायचे. वडील तेव्हा पत्रावळ्या उचलत असायचे. मशीन मात्र तेच शिकले, पुस्तकातली चित्रं बघून. त्यांचा पासपोर्ट कोराच संपला. मी हे विसरले नव्हते आणि विसरणारही नाही.

आईने लोणच्याची बरणी वडिलांच्या वर्कशॉपच्या जुन्या निळ्या शर्टात गुंडाळून दिली होती. तो शर्ट मी अंगात घातला. खिशावर ऑइलचा डाग, बाहीला लोणच्याचा वास. चर्चसमोर काका उभे होते त्याच पायरीवर उभी राहिले. पुलावर त्याच दिव्याखाली. किल्ल्यावर पाऊस होता, तिथे दोन तास ताटकळले, कारण काकांच्या फोटोत ऊन होतं. मग पाय कठड्यावर, हात कमरेवर. एका म्हाताऱ्या बाईने फोटो काढून दिला. किल्ला आतून कसा आहे ते मला आजही माहीत नाही.

तिन्ही फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले, एक अक्षर न लिहिता. आत्याने विचारलं, "अगं, हा शर्ट कुणाचा?"

मी लिहिलं, "ज्याचं तिकीट होतं त्याचा."

काकांनी ते वाचलं.

परत आले त्या वर्षीच्या खंडेनवमीला ऑफिसच्या भिंतीवर तीन खिळे होते आणि एकावर कॅलेंडर. काकांनी कुणालाही ट्रिप सांगितली नाही, पोट बिघडलंय म्हणून लवकर घरी गेले. माझ्या जिवाला असं गार वाटलं की मी जिलबी तीनदा वाढून घेतली.

पाहुणे पांगल्यावर वडील मशीनपाशी बसले होते. झेंडूच्या माळेखाली मशीनवर एक धातूची पट्टी आहे, तिच्यावर ते जिथे बनलं त्या गावाचं नाव आहे. ती पट्टी ते रोज सकाळी फडक्याने पुसतात.

"फोटो झकास आलेत," ते म्हणाले. मग पट्टीवर बोट ठेवून, जरा लाजतच, "हितं गेलतीस का गं? कारखाना आतनं बघू देतात म्हणं. आपलं मशीन जिथं जुळवलं, ती शेड कशी हाय?"

ते नाव मी इंग्रजी अक्षरं ओळखायला लागल्यापासून वाचत आले होते. किल्ल्याकडे जाताना गाडी त्या स्टेशनावर थांबलीसुद्धा होती. काकांचा चेहरा कसा पडेल याचा विचार करत, मी खिडकीशी बसून शर्टाची कॉलर नीट करत होते.