स्पर्धेचं खाणं

चितेगावची कंपनी बंद पडली तेव्हा माझ्या नवऱ्याच्या नोकरीची पाच वर्षं बाकी होती. शेवटच्या दिवशी ते डब्याच्या पिशवीत एक पिल्लू घेऊन आले. आई कंपनीच्या गेटवरची गावठी कुत्री. बाप शेजारच्या कंपनीच्या मालकाचा लॅब्राडॉर असावा, असं वॉचमननं सांगितलेलं. कान बापाचे, पाय आईचे, लांब आणि काटक.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या वर्षी शाळेतून परत यायची तेव्हा हे सकाळी बसलेले असायचे तिथंच बसलेले दिसायचे. विचारलं तर उत्तर यायचं, स्वतःहून काही नाही. पिल्लू वर्षाचं होत आलं आणि एका रविवारी त्या कुत्रीनं अंगणाच्या भिंतीवरून बाहेर उडी मारली, परत आत मारली.

"बघितलंस का?" ते म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांनी मला स्वतःहून काही विचारलं नव्हतं.

आमचं घर शहराच्या कडेला, सातारा परिसर नावाच्या वस्तीत, मागं मोकळे प्लॉट. तिथं त्यांनी विटांवर काठ्या आडव्या ठेवल्या, टायर टांगला, सिमेंटच्या पाइपाचा तुकडा आणून टाकला. रोज सकाळी दोघं तिथं. हिवाळ्यात शहरात कुत्र्यांची स्पर्धा भरायची. देखण्या, जातीची कागदपत्रं असलेल्या कुत्र्यांचं झालं की शेवटी अडथळ्यांची शर्यत, ती सगळ्यांना खुली. फॉर्मवर जातीचा रकाना होता. तो भरताना त्यांचा पेन थोडा वेळ थांबला, मग त्यांनी 'मिश्र' लिहिलं.

ती दुसरी आली. परतताना रिक्षात ती त्यांच्या मांडीवर झोपली होती आणि हे सारखे बोलत होते. कोणत्या वळणावर ती घसरली, पुढच्या वर्षी काय करायचं.

मैदानावर एका दुकानदारानं त्यांना गाठलं होतं. घरचं खाऊन कुत्रं पहिलं येत नाही, ताकदीचं खाणं लागतं, असं त्यानं सांगितलं. तोवर ती आमच्याबरोबर भाकरी, भात, उकडलेलं चिकन खायची. आठवडाभरात घरात खाण्याची पिशवी आली. मोठ्या पोत्यातून काढून साध्या पारदर्शक पिशवीत भरलेले तपकिरी दाणे.

"अहो, यावर काहीच लिहिलेलं नाही," मी म्हणाले. "काय घातलंय, कधी बनवलंय?"

"स्पर्धेतली कुत्री हेच खातात. तो कशाला खोटं सांगंल?"

मी वर्गात पोरांना बिस्किटाचे पुडे आणायला सांगते, मागचं बारीक अक्षर वाचायला शिकवते. तरी मी पुढं बोलले नाही.

उन्हाळ्यानंतरच्या एका पिशवीला खवट वास होता. तिनं तोंड फिरवलं तर त्यांनी हातानं भरवलं. मी वासाचं बोलले. "मसाला असंल त्यांचा," एवढंच ते म्हणाले. मग ती पाणी फार प्यायला लागली. बादलीत तोंड घालायची ते काढायचीच नाही. अंग उतरलं.

"डॉक्टरकडं न्यायचं का?"

"हलकी झालीय. लई उंच जाईल आता."

दुसऱ्या वर्षी तिनं पहिल्या दोन काठ्या ओलांडल्या. तिसरीखालून चालत गेली. बोगद्याच्या तोंडाशी जाऊन आडवी झाली. हे गुडघ्यावर बसून हाका मारत राहिले. माइकवरचा माणूस म्हणाला, "गावठी रक्त आहे, आज मूड नाही." लोक हसले. यांनी तिला उचलून आणलं तेव्हा तिच्या तोंडाला औषधासारखा उग्र वास येत होता.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. "दोन्ही किडन्या गेल्यात."

"खाण्यानं?" मी विचारलं.

"असू शकतं. जन्मापासूनचंही असू शकतं. आता सांगता यायचं नाही."

त्यांनी आजारी कुत्र्यांचं वेगळं खाणं लिहून दिलं. त्याच्या डब्यावर सगळं छापलेलं होतं, मी ओळ न् ओळ वाचली. तिनं ते हुंगलंही नाही. एक दिवसाआड सलाईन. हे सिरिंजमधून भाताची पेज तिच्या गालात सोडायचे, ती बाजूनं बाहेर यायची. तीन आठवडे असे गेले. एका दुपारी मी शाळेतून आले तर शेजाऱ्यांची पहार दारात टेकवलेली होती आणि हे नळाखाली मातीनं भरलेले हात धूत होते.

उरलेले दाणे घेऊन मी दुकानात गेले. "मॅडम, आम्ही सुट्टंच विकतो," दुकानदार म्हणाला. "इतकी कुत्री खातात, कुणाची तक्रार नाय." बोलता बोलता तो पुढच्या गिऱ्हाइकाची पिशवी बांधत होता. मी परत आले.

त्या संध्याकाळी यांनी विचारलं, "तू शाळेत पोरांना हेच शिकवतेस ना? मग मला जोर करून का नाही सांगितलंस?"

कारण मला ठाऊक होतं. इतक्या महिन्यांनी ते घरात बोलायला लागले होते, आणि मी अडवलं असतं तर ते पुन्हा गप्प होतील अशी मला भीती वाटली होती. हे कारण त्यांना सांगता येईना. मी भाजी चिरत राहिले. ते उठून आत गेले.

आता आमच्यात टँकर कधी येणार, गॅस संपत आलाय का, एवढंच बोलणं होतं.