पाहुण्यांचा अर्ज

“आठवलं की सांगतो.”

चहात साखर किती घालू म्हणून विचारा, उद्या भरती किती वाजता म्हणून विचारा, नाहीतर तुमचं नाव काय म्हणून विचारा; आमच्या पाहुण्यांचं उत्तर ठरलेलं. उजव्या हाताची बोटं कपाळावरच्या जुन्या व्रणावरून एकदा फिरवायची, समोरच्याकडे अपराध्यासारखं पाहायचं आणि म्हणायचं, “आठवलं की सांगतो.” साखरेचं त्यांना थोड्या वेळाने आठवायचं. नावाचं कधीच आठवलं नाही.

त्या दिवसांत मी दिघीच्या धक्क्यावर तिकिटं फाडत असे. समोर खाडी, खाडीपलीकडे आगरदांडा, आणि दिवसातून चार-पाच वेळा मचव्याच्या खेपा. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला गेलं असेल, तर धक्क्यावरची माझी पत्र्याची खोली आणि तिला लागून पडवीतली पाहुण्यांची चटई पाहिली असेल. मचवा लागला की फळी टाकायची, कोळणींच्या पाट्या उतरवून घ्यायच्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात द्यायचा, हे पाहुण्यांचं काम. ते त्यांना कोणी नेमून दिलं नव्हतं. आले आणि करू लागले.

आले तेही कसे, तर मालाच्या पोत्यांखालून. स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली असतील. मुंबईहून आलेलं एक गलबत रिकामं करताना तळाशी हा पस्तिशीचा माणूस सापडला. डोक्याला फडकं बांधलेलं, रक्ताने वाळून कडक झालेलं. याला गलबतात कोणी घातलं हे आपल्याला ठाऊक नाही, असं खलाशांचा तांडेल पोराबाळांची शपथ घेऊन सांगत होता. हवालदार आला. त्याने नाव-गाव विचारलं. माणसाने बराच विचार केला आणि अगदी अदबीने म्हणाला, “आठवलं की सांगतो.” हवालदाराने पंचनाम्यात तेच लिहून घेतलं आणि तो जेवायला गेला.

पण आठवेपर्यंत माणसाला ठेवायचं कुठे? पारूबाय कोळीण गर्दीतून पुढे झाली. धक्क्यावर तिच्या शब्दापुढे कोणाचं चालत नसे. “पाहुना हाय त्यो. ऱ्हाऊ द्या दोन दीस,” ती म्हणाली. ते दोन दिवस पुढे अकरा वर्षं चालले आणि नावही तेच पडलं. सगळे त्यांना पाहुणेच म्हणत.

माणूस इतका सरळ की कधीकधी राग यायचा. कोणी ढकललं तर हाच माफी मागणार. अंगावर बसलेली माशीसुद्धा हलक्या हाताने उडवणार. अशा माणसाच्या आयुष्यात मी जो घोळ घातला, त्याची आठवण झाली की आजही मला माझी लाज वाटते.

मला सिनेमाचं वेड होतं. पावसाळा सरला की मुरूडला तंबूतला सिनेमा यायचा आणि मी खाडी ओलांडून, पुढची वाट तुडवत तो पाहायला जायचो. पाहुणे येऊन सहा-सात वर्षं झाली असतील, तेव्हा एक हेरगिरीचं चित्र आलं. मी पाहुण्यांना बळेबळेच घेऊन गेलो. म्हटलं, धक्क्याबाहेरचं जग पाहिलं तर काही आठवेल तरी.

चित्राची गोष्ट अशी. थंड हवेच्या गावी एका बंगल्यात एक माळी असतो. मोठा गरीब स्वभावाचा. त्याला मागचं काही आठवत नसतं. एके दिवशी एक शिकारी त्याच्याकडे आपली बंदूक देतो, नुसती धरायला. आणि माळ्याचे हात ती बंदूक भराभर खोलतात, पुसतात, जोडतात आणि नेम धरतात. डोळे मात्र घाबरून हातांकडे बघत असतात. पुढे उलगडा होतो, की तो एका परक्या देशाचा पगारी मारेकरी. कोणाला तरी ठार करायला आलेला आणि डोक्याला मार बसून सगळं विसरलेला. माणूस विसरला तरी हात विसरत नाहीत, असं तो शेवटी म्हणतो तेव्हा तंबूत एकच गलका झाला. मीही शिट्टी मारली. शेजारी पाहिलं, तर पाहुणे पडद्याकडे बघतच नव्हते. दोन्ही हात मांडीवर घेऊन उलटेसुलटे करून पाहत होते.

आम्ही दिघीचे पाचजण गेलो होतो. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या गावाने ते चित्र ऐकून ऐकून पाहिलं होतं. मग कोणाला तरी गलबत आठवलं, कोणाला रक्ताचं फडकं. एवढ्या गरीब माणसाचं डोकं कोणी आणि कशाला फोडेल? पारूबाय माझ्या खिडकीशी आली आणि आवाज खाली करून म्हणाली, “भाव, यो आपला पाहुना बी तसलाच निंगाला त?”

“काहीतरीच काय! सिनेमा आहे तो.”

“सिनेमावाल्यांना ठावं असल्याबिगर दावतील व्हय?”

त्या दिवसापासून ती नातीला पाहुण्यांच्या आसपास फिरकू देईना.

गावात इस्माईलचाचांकडे रानडुकरांसाठी ठेवलेली एक जुनी बंदूक होती. ते एके सकाळी ती घेऊन धक्क्यावर आले आणि साळसूदपणे म्हणाले, “पाहुणे, जरा ही धरा, मी वहाणेतला काटा काढतो.” पंधरा-वीस माणसं श्वास रोखून उभी. पाहुण्यांनी ती नळीकडून धरली, केरसुणी धरतात तशी, आणि विचारलं, “चाचा, ही आडोशाला ठेवू का? भिजेल.” मला हायसं वाटलं. पण मागून कोणीतरी कुजबुजलं, “माळी बी आदी असाच भोला व्हता.”

खरी पंचाईत पुढेच होती. गावाचा संशय एकवेळ चार दिवसांनी विरला असता. पाहुण्यांचा स्वतःवरचा संशय विरेना. दुपारची खेप गेली की ते माझ्या खोलीत येऊन बसत.

“भाऊसाहेब, मी कोणीतरी असेनच ना? काहीतरी करत असेन.”

“असालच की.”

“मग हातांनाच विचारून पाहू.”

आणि त्यांनी खरोखरच दिघीतले सगळे धंदे हातांना विचारून पाहिले. जाळं विणायला बसले, ते त्यात बोटं अडकवून. शिंप्याच्या मशीनवर स्वतःचीच बाही शिवून घेतली. सुताराच्या रंध्याने फळीला खड्डा पाडला. भात करायला घेतला तो करपला. न्हाव्याचा वस्तरा हातात घेतला तेव्हा गाल पुढे करायला कोणी तयार होईना. सगळ्याच्या मुळाशी माझा सिनेमा, म्हणून मी गाल दिला. त्याची खूण अजून माझ्या गालावर आहे.

शेवटी एका दुपारी ते आले आणि दारातच उभे राहिले. “सगळं करून पाहिलं, भाऊसाहेब. चांगलं म्हणून जे काही काम आहे, त्यातलं एकही या हातांना येत नाही. मग राहिलं काय?”

मला हसू आलं होतं, ते त्यांचा चेहरा पाहून मावळलं. तो माणूस आठवड्याभरात वाळला होता. म्हणाले, “फौजदारांना द्यायला एक अर्ज लिहून द्या. मी कोणाला तरी मारलं असेल, तर त्याच्या घरची माणसं अजून वाट पाहत असतील, गुन्हेगार सापडायची. मी इथे आयता चहा पीत बसणं बरं नव्हे.”

मी टाळाटाळ केली. ते रोज येऊन आठवण करून देत. विसरभोळा माणूस, पण हे मात्र विसरेना. अखेर मी लिहिला: ‘अर्जदारास स्वतःचे नाव ठाऊक नाही. आपल्या हातून पूर्वी कोणाचा तरी खून झाला असावा, असा अर्जदारास संशय आहे. तरी योग्य ती चौकशी व्हावी, ही विनंती.’ सोमवारच्या पहिल्या मचव्याने मुरूडला जाऊन ते तो हातोहात देणार होते. मला दोन रात्री झोप लागली नाही. फौजदाराने याला आत टाकलं, तर हा माणूस न केलेला गुन्हासुद्धा कबूल करील, याची मला खात्री होती.

आता योगायोग पाहा. त्याच सोमवारी माझ्या कुंदाची मुरूडला परीक्षा होती. पोर अकरा वर्षांची. आणि तिची आई माहेरी गेलेली. सकाळी धक्क्यावरच मी तिची वेणी घालायला घेतली. तिकिटं फाडणारे हात. केस ओढले जात होते, कुंदा रडत होती, मी तिच्यावर ओरडत होतो आणि तिकडे मचवेवाला आम्हा दोघांच्या नावाने ओरडत होता. पाहुणे खिशात अर्ज घेऊन बाजूला उभे होते. ते पुढे आले आणि म्हणाले, “द्या इकडे.”

त्यांनी फणी घेतली. मधोमध सरळ भांग पाडला. रिबीन दातांत धरली. हात खाली गेले, मग थांबले, पुन्हा वर आले. “जरा खाली बस,” ते दातांतूनच म्हणाले. कुंदा खोक्यावर बसली आणि मग ती बोटं अशी काही चालू लागली, की मचवेवाल्याचं ओरडणं थांबलं. एकेका बाजूला चार पेड. दिघीत चौपेडी वेणी कोणाला येत नव्हती. आमच्या बायका अंबाडा बांधून मोकळ्या होणाऱ्या. एकही केस बाहेर नाही, कुठे ओढ नाही. दोन्ही वेण्या वर दुमडून त्यांनी रिबिनीची फुलं केली, कुंदाच्या डोक्यावर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाले, “झालं. पळ.”

कुंदा पळाली. पाहुण्यांचे हात मात्र तसेच हवेत राहिले. ते त्या हातांकडे बघत होते, तंबूत बघत होते तसेच. मग एक हात हळूहळू खाली आणून त्यांनी कमरेच्या जरा वर धरला.

“भाऊसाहेब, ती एवढी होती,” ते म्हणाले. “कुंदाताई उंच पडली. माझे हात आणखी खाली जात होते.”

मी म्हटलं, “म्हणजे सात-आठ वर्षांची.”

“आणि मला इथे येऊन?”

“सात वर्षं होतील.”

त्यांनी बोटांवर मोजलं. दोनदा मोजलं. “मग आता चौदा-पंधराची झाली,” ते म्हणाले, “वेणी स्वतःची स्वतःच घालत असेल.” आणि तिथेच फळीवर बसून ते रडू लागले. अकरा वर्षांत मी त्यांना तेवढंच एकदा रडताना पाहिलं. आपण खुनी नव्हतो याचा आनंद व्हायलासुद्धा त्यांना वेळ मिळाला नाही. मचवा त्यांना न घेताच गेला.

दुपारी ते खोलीत आले आणि चुरगळलेला अर्ज माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “वरचं तसंच राहू दे. खालचा मजकूर बदला.”

मी बदलला: ‘अर्जदारास स्वतःचे नाव ठाऊक नाही. अर्जदारास एक मुलगी असून ती त्यास शोधत असावी.’ त्याच्या नकला मी मुंबईला, पुण्याला, साताऱ्याला, जिथे जिथे सुचेल तिथे पाठवल्या. उत्तर एकाच ठिकाणाहून आलं. त्यात अर्जदाराने आधी स्वतःचं संपूर्ण नाव आणि गाव कळवावं, असं होतं.

गावाची तऱ्हा मात्र त्याच दिवशी पालटली. संध्याकाळी पारूबाय नातीला घेऊन आली आणि तिला पाहुण्यांच्या पुढ्यात बसवलं. पोरीचे केस समुद्रवाऱ्याने रापलेले, त्यांना मासळीचा वास. पाहुण्यांनी गुंता सोडवायला घेतला. गुंता सुटत आला तेव्हा पारूबाय म्हणाली, “माजाच डोका फिरलावता, पाहुना.” ते म्हणाले, “माझंही.” इस्माईलचाचांनी मुंबईहून शिंगाची फणी आणून दिली. पुढे खाडीवरच्या वाऱ्याने केस विस्कटलेल्या मुली मचव्यातून उतरल्या की त्यांच्या आया त्यांना सरळ पाहुण्यांकडे पाठवू लागल्या. मुलगी समोर उभी राहिली की आधी त्यांचे हात तेवढ्याच उंचीवर खाली जायचे, मग वर यायचे. मला ते बघवत नसे.

अशी चार वर्षं गेली. अशी वेणी घाटावरच्या बायका घालतात, असं माझी बायको एकदा बोलता बोलता म्हणाली. पाहुण्यांनी ते मनात ठेवलं असावं. पावसाळ्यासाठी मचवे बंद व्हायच्या आधीच्या आठवड्यात ते हातात एक बोचकं घेऊन खिडकीशी आले. त्यात शिंगाची फणी होती हे मला माहीत होतं.

“घाटावर जाऊन येतो, भाऊसाहेब.”

“पाहुणे, एवढा मोठा मुलूख! नाव नाही, गाव नाही. शोधणार कसे?”

त्यांची बोटं सवयीने कपाळावर गेली. मग हात खाली घेऊन ते हसले. “सापडली की सांगतो,” म्हणाले.

मी तिकीट फाडलं नाही. त्या दिवशी फळी मी टाकली. मचवा समोर लागेपर्यंत धक्क्यावरून कोणी हललं नाही. त्यानंतर त्यांचं पत्र नाही, निरोप नाही.

कुंदा आता अलिबागला असते. तिची मुलगी शाळेत जायला लागली. मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो होतो. सकाळी लेकीला पुढ्यात घेऊन ती बसली होती. रिबीन दातांत, चार पेड बोटांत. माझा चहा निवून गेला. फुलं झाली तशी तिने पोरीच्या डोक्यावर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाली, “झालं. पळ.”

मी म्हटलं, “त्या टिचक्या अजून लक्षात आहेत तुझ्या?”

तिने फणीतले केस काढता काढता विचारलं, “मी कुठे मारल्या टिचक्या, बाबा?”

म्हणून हे तुमच्यापुढे लिहिलं. तुम्ही गावोगावचे आहात. तुमच्या पाहण्यात एखादी बाई असेल, आता तिशी उलटलेली. ती लेकीची चौपेडी घालताना रिबीन दातांत धरत असेल आणि शेवटी दोन टिचक्या मारत असेल. तिला विचारू नका, तिलाही ते ठाऊक नसेल. तिला एवढंच सांगा, की तुझे वडील अकरा वर्षं दिघीच्या धक्क्यावर होते. स्वतःचं नावसुद्धा त्यांना आठवत नव्हतं. पण तू केवढी होतीस, हे त्यांच्या हातांच्या लक्षात होतं.