बटाट्याच्या वावरातला हॉल

सेलिना पार्डीचं वावर म्हणजे खडकावर पसरलेली चार टोपल्या माती, असं रॅग्ड कोव्ह गावातली माणसं चेष्टेने म्हणत. पण ती माती तिने आणि तिच्या नवऱ्याने, एलायने, पाठीवरून वाहून आणली होती. एलाय समुद्रावर गेला तो परत आलाच नाही. तरी ती दर वसंतात शेवाळ आणि बारीक मासळी त्या मातीत गाडत राहिली. अख्ख्या न्यूफाउंडलंड बेटावर इतके चवदार बटाटे कुठे नाहीत, असं ती म्हणे, आणि तिच्या तोंडावर कुणी नाही म्हणत नसे.

त्या वर्षी सरकारने गाव उठवायचा घाट घातला. हाकलायचं कुणालाच नव्हतं, छे. बहुतेक घरांनी सह्या केल्या की पैसे द्यायचे, सगळ्यांना मोठ्या गावी न्यायचं आणि इथे कुलूप घालायचं, इतकं सभ्य काम. सह्या घ्यायला साहेब रविवारच्या बोटीने येणार होता. दुकानदार गॉसने तर त्याआधीच चंबूगबाळं आवरलं. जाता जाता त्याने सांगितलं, गावाचा हॉल माझ्या जागेवर आहे, शनिवारपर्यंत हलवा, नाहीतर फळ्या काढून विकतो.

हॉल गावाने स्वतःच्या हातांनी बांधलेला. लग्नं तिथे, नाच तिथे, मयतानंतरचा चहा तिथे आणि भांडणंही तिथेच. लोक म्हणाले, गावच चाललंय तर हॉल घेऊन काय करायचंय? सेलिनाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"साहेब घरोघरी जाणार," ती पाणवठ्यावर बायकांना म्हणाली. "एकेकाला स्वयंपाकघरात गाठणार. आपल्याच टेबलाशी एकटा बसलेला माणूस घाबरतो गं. मीसुद्धा घाबरेन. हॉलमध्ये घाबरलेलं कुणी पाहिलंय का?"

"पण मावशी, ठेवायचा कुठे? सपाट जागा आहे का एक तरी?" त्यांच्यातली विनी म्हणाली.

"माझं वावर आहे."

बायकांचं बादल्या भरायचंच राहून गेलं.

घर हलवणं रॅग्ड कोव्हला नवं नव्हतं. खाली माशाच्या तेलाने माखलेले ओंडके सरकवायचे, दोर बांधायचे आणि गाणाऱ्याने हाळी दिली की सगळ्यांनी एका दमात ओढायचं. आत शेगडी पेटती ठेवायची, तिच्यावर चहाची किटली. चहा सांडला तर ओढणाऱ्यांची नाचक्की. पण निम्मे पुरुष मुख्य भूमीवर कामाला गेलेले, आणि गाणारा एकच, सेलिनाचा थोरला दीर अँब्रोज. त्याने तर सही करायचं मनात पक्कं केलं होतं. मोठ्या गावी त्याच्या लेकीचं घर होतं, घरात नळ होता.

"भावोजी, फक्त गायचंय. ओढू आम्ही," सेलिना त्याच्या दारात जाऊन म्हणाली.

"बायका ओढणार? हॉल म्हणजे काय पाळणा आहे, सेलिना?"

"बरं. मग बसा घरात नळाची वाट बघत."

शनिवारी सकाळी बायका, पोरं, उरलेसुरले म्हातारे दोराला लागले. पहिल्या ओढीला हॉल जागचा हलला नाही. जो तो आपापल्या वेळी ओढत होता. मग सेलिना हॉलच्या पायरीवर चढली आणि गाऊ लागली. गाणं होतं एका कंजूष कप्तानाचं आणि त्याच्या बायकोचं, जरा चावटच. आवाज तिचा मुळातच फाटका. पोरं फिदीफिदी हसली, पण दोर ताणले गेले, ओंडके करकरले आणि हॉल हातभर सरकला. मग आणखी हातभर. चढणीला मात्र तिचा ताल सुटला आणि हॉल मागे घसरायला लागला.

"थांब, थांब, वाट लावलीस गाण्याची," मागून आवाज आला. अँब्रोज आपल्या अंगणातून लंगडत, तणतणत येत होता. "कप्तानाची बायको दुसऱ्या कडव्यात येते. खाली उतर आणि दोर धर."

सेलिना उतरली. ओरडा खाल्ल्याचा एवढा आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता.

दुपारी हॉल वावरात बसला. चहा सांडला नव्हता. फक्त चढणीच्या घाईत हॉल उलटा फिरला होता, त्यामुळे हॉलची पाठ समुद्राकडे आणि दार नेमकं सेलिनाच्या स्वयंपाकघरासमोर आलं. आता उभ्या जन्मात तिला शांतता मिळणार नाही, यावर सगळे पोट धरधरून हसले. हसता हसता सेलिना मात्र हॉलच्या कोपऱ्यावर गेली. भिंतीखालून चिरडलेला हिरवा पाला बाहेर आला होता. तो हातात घेऊन ती रडली. कुणी तिला उगी केलं नाही. विनी नुसती शेजारी उभी राहिली.

रविवारी साहेब बोटीतून उतरला. पहिल्या घरात चूल गार, दुसऱ्यातही तेच. शेवटी गाण्याच्या रोखाने तो हॉलवर आला. सगळं गाव बाकांवर बसलेलं. घसा खाकरून तो म्हणाला, एकेकाशी खासगीत बोलायचंय.

"आमचं खासगी इथेच असतं," विनी म्हणाली.

साहेबाने कागद काढले. "अँब्रोज पार्डी."

अँब्रोजने नळाचा विचार केला असेलच. तो बाकावर जरा मागे रेलला. "काल अख्खा हॉल ओढलाय बाबा. आता उठायची ताकद नाही."

"तुम्ही तर नुसते गात होतात, काका," कुणीतरी म्हणालं.

"म्हणूनच जास्त दमलोय."

हशा पिकला. साहेबाने दुसरं नाव घेतलं, मग तिसरं. उठलं कुणीच नाही. शेवटी तो दारालगत बसलेल्या सेलिनाकडे वळला. माणूस तसा वाईट नव्हता, आवाजात खरीच काळजी होती. "बाई, तुम्ही तरी विचार करा. तुमचं एवढंसं वावर होतं, तेही गेलं म्हणतात."

"गेलं कुठे?" सेलिना म्हणाली. "तुम्ही उभे आहात ना त्याच्यावर. पुढच्या खेपेला बूट पुसून या."