लिंबाच्या वासाचं दही

मी कुंभारी गावावरनं रोज सकाळी सोलापुरात दही घालतो. मातीच्या मडक्यातलं. शाळा म्हनाल तर तिच्या भिंतीपल्याड म्हशी राखल्या, तेवढीच. पर दही असं लागायचं की मडकं उलटं केलं तरी पडायचं न्हाय.

झालं काय, गल्लीतल्या एका मास्तरीनबाईंनी माझ्या बोटांकडं बघितलं. "दादा, हात कशानं धुता?"

"पान्यानं."

त्यांनी पातेलं मागं घेतलं. ते मागं गेलेलं पातेलं माझ्या डोस्क्यात बसलं.

तसाच दुकानात गेलो. म्हनलं, सगळ्यात जालीम साबन दे. दुकानदारानं लिंबाचं चित्र असलेली हिरवी बाटली काढली. "ह्यात जंतू मारायचं औषध हाय. एकबी जगत न्हाय बघा."

शाना मानूस हात धुवून गप बसला असता. मी दुधाची चरवी धुतली, गाळायचं फडकं धुतलं, आनि सगळी मडकी दुपारभर त्या फेसात भिजत घातली. एरवी बायको नुसत्या कडक पान्यानं धुवून ती उन्हात पालथी घालती. ती गेलती माहेरी, अक्कलकोटला. आडवनार कोन?

दुसऱ्या दिवशी खालांच्या पोरीचं लगीन. खाला म्हंजी माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. जेवनात दही-कांदा माझ्याच दह्याचा, असं त्यांनी सगळ्या पाव्हन्यांत सांगून ठेवलेलं. सांच्याला दूध तापवलं, कोमट केलं, घरातलं हुतं नव्हतं तेवढं विरजन लावलं, वर पोतं टाकलं.

सकाळी पोतं काढलं तर दूध. कालच्यागत पातळ. बोट घालून चाटलं तर लिंबाचा वास.

म्हशीला शिव्या दिल्या. मग हवेला दिल्या. तेवढ्यात बायको पयल्या गाडीनं आली. तिनं मडक्यात नाक घातलं.

"ह्यात काय घातलंत?"

"जंतू मारायचं औषध."

"अवो, दही जंतूच लावत्यात की! पोरगी पुस्तकातनं मोठ्यांदा वाचती तवा तुमी घोरत असता. मडक्यानं सगळा साबन पिऊन घेतलाय. आता ह्यात तुळस लावा."

मला सांगा, जन्मभर ज्या जंतूंनी मला पोसलं, त्यांनाच मी पैसं देऊन मारलं! बाई म्हनती हात धू, दुकानदार म्हनतो मारून टाक, टीव्हीवर तर दिसंल त्याला मारत्यात. थांबायचं कुटं ते एकबी सांगत न्हाय. आनि मला इचारायची अक्कल न्हाय.

रिकाम्या हातानं खालांच्या दारात गेलो. सगळं सांगितलं.

"क्या बोल रा रे तू? मेहमान आ गए!" त्यांनी कपाळावर हात मारला आनि पोराला पाकिटातलं दही आनायला पिटाळलं. मी निघालो तर म्हनल्या, "किधर चला? खाके जा. और हात नक्को धो अब, भोत धोया तू."

पंगतीत शेजारी मंगळवेढ्याचं एक म्हातारं पाव्हनं. दही-कांदा ओरपत माझ्या पाठीवर थाप टाकली. "तुमचं नाव ऐकून हुतो. ह्याला म्हनायचं दही! पाकिटात असलं मिळतंय का कुटं?"

खाला समोरच वाढत हुत्या.

"न्हाय," मी म्हनलं.

जाताना खालांनी वाटीभर दही दिलं, विरजनाला. तेच पाकिटातलं. आज माझं सगळं दही त्याच वाटीचं हाय.